गुरुवारच्या तासासाठी अर्ज

संस्थेच्या मोठ्या ताईंना म्हातारीचा नमस्कार.

मला लिहिता येत नाही. मी सांगतेय आणि तुमच्याकडे कामाला असलेली माझी नात लिहितेय, ती तुम्हाला घाबरते, त्यामुळे हे पत्र तुमच्या हाती पडेल अशी काही आशा नाही.

तुमची संस्था एकट्या म्हाताऱ्यांकडे गप्पा मारायला माणसं पाठवते, माझी नात त्यातलीच एक. फार पुण्याचं काम. माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नातीनं एक दिवस रजा मागितली, तर तुम्ही तिला सकाळच्या सभेत सगळ्यांसमोर उभं केलंत. "आपण एक कुटुंब ना? मग कुटुंबाला सोडून कुठं निघालीस?"

पोरीनं माफी मागितली. मी शेजारणीचा हात धरून गेले.

आता ती घरी येते ती दिवसभर बोलून बोलून संपलेली. माझ्याशी बोलायला शब्दच उरत नाहीत बिचारीकडे.

म्हणून ताई, मलाही तुमच्या यादीत घ्या. दर गुरुवारी तासभर माणूस पाठवा, आणि हिलाच पाठवा.

नात म्हणतेय, "आजी, घरात कुणी असेल तर नाव घेत नाहीत गं."

मग लिही म्हटलं, घरात कुणी नाही.

एवढे तीन शब्द लिहायला तिला फार वेळ लागतोय.

अर्जदार,
एकटी राहणारी
(डाव्या हाताचा अंगठा)