रिकाम्या फांदीवरचे पोपट

सोमवार, ३ जुलै

इलीसोनीदादा पाहुण्यांना पोपट दाखवायला रानात नेतो, आज त्या वाटेवर गेले. आठ पाहुण्यांच्या मागे, अगदी शेवटी. मोठ्या झाडाखाली पोपट ओरडले. दादानं उजवीकडे बोट केलं — "ते बघा, तांबड्या डोक्याची जोडी."

फांदी रिकामी होती. जोडी डावीकडे बसली होती. पाहुण्यांनी रिकाम्या फांदीचे फोटो काढले, माना डोलावल्या.

दादाला दिसत नाही.

मंगळवार, ४ जुलै

माझीच चूक तर नव्हती? वासिती वहिनीला विचारलं. ती अळूचे कंद सोलत होती. "आठ महिने झाले सुवा शहरातून येऊन, मास्तरीणबाई, आणि आज दिसलं? कॉलेजात डोळे विसरून आलीस वाटतं." मग हळूच, "वाट त्याच्या पायांना पाठ आहे गं. कुणाला बोलू नकोस."

त्याला विचारावं, तर तेही नाही. चौदाव्या वर्षापासून आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. गावात वयात आल्यावर कुणीच सख्खे भाऊबहीण बोलत नाहीत, तो एकमेकांना दिलेला मान. सुव्यात विद्यार्थिनींना मी हे अभिमानानं सांगायचे. आता शेजारच्या घरातून त्याचा खोकला ऐकते, आणि तेवढ्यावर दिवस काढते.

गुरुवार, ६ जुलै

कुणा पाहुण्याची तक्रार गावप्रमुखांकडे गेली आहे. वाट दादाकडे ठेवायची का, हे शनिवारच्या सभेत मी सांगायचं. गावप्रमुख म्हणाले, "तू शिकलेली. भावाची बाजू घेणार नाहीस."

का नाही घेणार? आणि घेतली तर उद्या कुणी दरीत पडलं म्हणजे?

शुक्रवार, ७ जुलै

लिहिलं. फाडलं.

शनिवार, ८ जुलै

सकाळी पुन्हा त्याच्या मागे. पाऊल कुठेच चुकलं नाही, ओढ्यातल्या दगडावरसुद्धा. झाडाखाली त्याचा हात उजवीकडे उठला. पोपट डावीकडे. मी खोकले. हात थबकला. सावकाश डावीकडे वळला. पाहुण्यांपैकी एक म्हातारी म्हणाली, "अगंबाई, खरंच की!"

सभेत सांगितलं: वाट सुरक्षित आहे, पोपट दिसतात. खोटं नव्हतं. पूर्णही नव्हतं. वाट त्याच्याकडेच राहिली. त्यानं सभेत प्यायच्या यांगोनाची वाटी खाली बघून संपवली.

सोमवार, १० जुलै

दोन दिवस शेजारून खोकला नाही. वहिनी कुंपणाशी आली. "काय केलंस त्याला? नारळाच्या दुधातला मासा तसाच ठेवून उठला."

खोकून सगळ्या पाहुण्यांसमोर मी त्याला आंधळा ठरवलं का? आणि खोकणं हे बोलणंच नव्हे का? मान मीच मोडला. बत्तीस वर्षं सांभाळलेलं एवढं एकच नातं होतं.

मंगळवार, ११ जुलै

आज पाहुणे नव्हते. दादा एकटाच निघाला. माझ्या दाराशी जरा थांबला, मग चालू लागला. मी वीस पावलं मागे. झाडाखाली तो पाठमोरा उभा राहिला, बुंध्यावर हात ठेवून झाडाला म्हणाला, "डावीकडे की उजवीकडे?"

मीही झाडालाच सांगितलं — उजवीकडे. तीन आहेत. एक पिल्लू.