एका बाईचा प्रश्न

२ फेब्रुवारी २००८
आज ब्लॉग सुरू झाला. नाव : आपलं आरोग्य. नाव ठरवायलाच आठवडा गेला, पण पाया पक्का हवा.
एकटीने लिहिलेला ब्लॉग दोन महिन्यांत मरतो, असं वाचलंय. म्हणून आपला ब्लॉग अनेकांचा. डॉक्टर, नर्स, शिक्षक, सगळे पाहुणे लेखक म्हणून लिहिणार, मी संपादक. घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे, बी.एस्सी. आहे, ही जबाबदारी माझीच. मे अखेर बारा लेखक. त्यानंतर एखादी मोठी संस्था आपणहून विचारेल, नोकरीचाही प्रश्न सुटेल.
जलालुद्दीनभाईंच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात दोन कम्प्युटर आहेत, त्यांतला एक चालतो. काउंटरवर त्यांची मुलगी नजमा बसते. माझी शाळेपासूनची मैत्रीण. ती म्हणाली, संघप्रिया, अहेरीत नेटवर दोनच लोक येतात, एक रिझल्ट पाहायला आणि दुसरा आमचा धाकटा अनस, मोबाइलमध्ये गाणी भरायला. तू यांना आरोग्य शिकवणार काय?
मी नुसती हसले. प्रत्येक नव्या कामाला आधी हसतात.

८ फेब्रुवारी
नियम तयार. लेख वेळेवर. जाहिरात नको. खाली एक ओळ कायमची टाकली : लेखातील मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही. ही ओळ टाकल्यावर ब्लॉग एकदम खरा वाटायला लागला.
शिवाय वाचकांचे प्रश्न हे सदर. विचारणाऱ्याचं नाव पूर्णपणे गुप्त.
सगळे नियम मायला वाचून दाखवले. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, नाव सांगतच नाई काय कोणाले? मी म्हटलं, कोणालाच नाही. संपादकसुद्धा विचारणार नाही. ती म्हणाली, हे बरं केलं वं पोरी.
माय शिकलेली नाही, पण धोरण लगेच कळलं तिला.

१९ फेब्रुवारी
डॉ. ऐंचवारांच्या दवाखान्यात गेले. कंपाउंडर बिरजूने नंबर दिला आणि विचारलं, ताप की हगवण? मी म्हटलं, लेख. तो म्हणाला, ते डागदरालेच सांगा.
दीड तासाने आत गेले. डॉक्टर म्हणाले, छान छान, वेळ मिळाला की पाहू. मग सवयीने माझे डोळे खाली ओढून पाहिले आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या.
म्हणजे होकारच. डॉक्टरांच्या लेखणीतून असं सदर उघडून ठेवलं. त्यात सध्या फक्त लवकरच एवढा शब्द आहे.

५ मार्च
उपकेंद्राच्या नर्स कलाबाई भेटल्या. म्हणाल्या, लिवाले मले टाइम कुठी आहे? बुधवारी लसीकरणाले चाल माह्यासंग, रस्त्यानं बोलत जाऊ, तूच लिवून घे. मायलेही आण. दोन बाजार झाले, दिसली नाई.
नम्रपणे नकार दिला. लेखकाने स्वतः लिहायला हवं. संपादक पायी फिरायला लागला तर शिस्त राहत नाही.
माय बाजारात जात नाही, कारण थकवा. वय झालं. थकव्यावर एखाद्या पाहुण्याकडून लेख घ्यावा. नोंद.

११ मार्च
लेखक मिळाला! सोमाजी गुरुजी. रिटायर शिक्षक. पोस्टाने निसर्गोपचाराचा कोर्स केला आहे, प्रमाणपत्र फ्रेम करून दारावर लावलंय. एकदम तीन लेख दिले : पोट, केस आणि राग. अक्षर मोत्यासारखं. एक खाडाखोड नाही. सगळ्या रोगांचं मूळ उष्णता, हे तिन्ही लेखांत समान सूत्र आहे, त्यामुळे मांडणीत एकवाक्यता येते.
ऐंचवार डॉक्टरांनी यांच्याकडून शिकावं. वेळेवर काम देणारा माणूस खरा विद्वान.

२३ मार्च
होळी, रंग, सगळं आटोपलं आणि आज आनंदाची बातमी. पहिला प्रश्न आला!
चक्क मायमार्फत आला. चुलीजवळ बसली होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, एका बाईले छातीवर गाठ आली म्हणते. बोराएवढी. दुखत नाई, काई नाई. काय असन? तुह्या त्याच्यात विचार बरं.
कोण बाई, हे तोंडावर आलं होतं. पण धोरण म्हणजे धोरण. विचारलं नाही. माय उठून भांडी घासायला गेली.
दुपारी टाइप करायला बसले. अनस पाठीमागे उभा, आणखी दोन पोरं बाकावर. छाती हा शब्द लिहवेना. शरीरावर गाठ आली आहे असं लिहिलं. संपादकाला सभ्यता सांभाळावी लागते. प्रश्न तोच राहिला.

६ एप्रिल
प्रश्न घेऊन पुन्हा डॉ. ऐंचवारांकडे. डॉक्टर म्हणाले, शरीरावर म्हणजे कुठी? मी म्हटलं, ते गोपनीय आहे. म्हणाले, मग बाईला घेऊन ये. मी म्हटलं, बाई पण गोपनीय आहे. डॉक्टरांनी चष्मा काढला. म्हणाले, पाहिल्याशिवाय गाठीबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही, तूही लिहू नको. बाईला आण. उद्या आण.
डॉक्टर लोकांना नव्या माध्यमाची ताकद कळलेली नाही. घरबसल्या उत्तर हाच तर ब्लॉगचा हेतू.
माय रोज विचारते, आला काय जवाब त्या बाईले? परक्या बाईची इतकी काळजी! बाबांना म्हटलं, आपली माय खरी समाजसेविका आहे. बाबा डेपोवरून लाकडं मोजून दमून आले होते. म्हणाले, तिले म्हणा आधी जेवत जाय. अर्धी भाकर टाकून उठते.

१७ एप्रिल
गाठीवर लेख आला. अर्थात सोमाजी गुरुजी. सांगितल्यापासून दोन दिवसांत. त्यांनी कुठे, कुणाला, काहीच विचारलं नाही. गाठ म्हणजे साठलेली उष्णता. पाल्याचा लेप सकाळ-संध्याकाळ लावावा, वरून कापड बांधावं, गाठ आपोआप विरघळते. कापाकापीच्या नादी लागू नये.
मी फक्त एका ठिकाणी स्वल्पविराम टाकला आणि प्रसिद्ध केला.
घरी मायला मोठ्याने वाचून दाखवला. लेपाचा भाग तिने पुन्हा वाचायला लावला. मग आणखी एकदा. कोणता पाला, वाटून की ठेचून, असं सगळं विचारलं. असा वाचक मिळायला भाग्य लागतं. शेवटी म्हणाली, हे पक्कं ना वं? कम्प्युटरवर आलं म्हणजे डागदरानं पाह्यलंच असन. मी म्हटलं, तज्ज्ञांनीच लिहिलंय, माय.
ब्लॉगच्या भेटींचा आकडा वाढतोय. नजमा म्हणते, तू दर वेळी उघडतेस तो आकडा आहे. नजमाला तंत्रज्ञानातलं फारसं कळत नाही.

२ मे
तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू. सारा मोहल्ला पहाटेच पानं तोडायला जंगलात. माय गेली नाही. मला आठवतं तसं पहिल्यांदाच. म्हणाली, ऊन सोसत नाई यंदा. मी म्हटलं, आराम कर. उन्हाळ्यातील काळजी यावर सोमाजी गुरुजींना लेख सांगितला.
घरात सतत ठेचलेल्या पाल्याचा वास. पाट्यावर माय रोज वाटते. त्या बाईसाठीच असणार. लिहायला बसलं की वास डोक्यात जातो, पण सेवेत अडथळा कसा आणणार?
विचारलं, गुण आला का त्या बाईला? माय म्हणाली, थंडक वाटते म्हणते.
ताबडतोब दुकानात जाऊन वाचकांचा अनुभव या नव्या सदरात टाकायला घेतलं : लेपाने एका भगिनीस आराम. तेवढ्यात लाइट गेली. आता रोज बारा ते चार लोडशेडिंग. चार वाजता पुन्हा जाऊन टाकलं. मेहनतीशिवाय काही उभं राहत नाही.

११ मे
जिवतीच्या कॉलेजमैत्रिणीला, वरोऱ्याच्या सरांना, सगळ्यांना लेखाची पुन्हा आठवण करून दिली. सर म्हणाले, बारावीचे पेपर तपासतोय. मैत्रिणीचं लग्न ठरलं. निमित्तं माणसाला नेहमीच सापडतात.
एकही कॉमेंट नाही. बहुधा लोक वाचून भारावतात आणि लिहायचं राहून जातं.
रात्री जेवताना बाबा म्हणाले, पोरी, अंगणवाडीची जागा निघाली म्हंतात, अर्ज टाकून देना. मी म्हटलं, बाबा, मी सध्या संपादन करून राहिले. बाबा मायकडे पाहून म्हणाले, आपून शिकवलं तिले, आता ती आपल्याले शिकवून राह्यली. माय हसली. हसताना डावा हात अंगाशी धरून होती. उसण भरली असेल.

१९ मे
माय म्हणाली, त्या बाईची गाठ लिंबाएवढी झाली म्हणते. वरची कातडीही ओढल्यावानी झाली. काखेतही एक लागते.
खरं सांगायचं तर थोडी चिडले. म्हटलं, माय, तिला सांग, नेमाने लावायला हवं. मध्येच सोडलं असेल तिने. माय हळूच म्हणाली, नाई सोडलं वं. एक दिस नाई सोडलं.
हे तिला कसं माहीत, असं क्षणभर वाटलं. पण पाटा आपलाच, पाला आपणच वाटतो, म्हणजे माहीत असणारच.
सोमाजी गुरुजींना विचारून आले. म्हणाले, गाठ आधी वाढते, उष्णता बाहेर पडते, मग बसते. तर्क पटला. तरी परत येताना कलाबाईंच्या घरावरून आले. उगाच. कुलूप होतं. बरंच वाटलं.

२६ मे, सकाळ
मायला ताप. पहिल्यांदा तिचे कपडे मी धुतले.
दोरीवर चार ब्लाउज आहेत. चारही डावीकडे हिरवे. साबण लावून घासले. निघत नाही.

२६ मे, संध्याकाळ
विचारलं. आधी म्हणाली, पाला वाटताना उडला. मग म्हणाली, दार लाव.
पाहिलं.
ओरडले तिच्यावर. मला का नाही सांगितलं? माय म्हणाली, तुलेच तं सांगतलं. तुले कशी सांगू वं सरळ, पोरगी आहे माही. तूच म्हणली होती नाव विचारत नाई म्हणून.
बाबांना माहीत नव्हतं. ते उंबऱ्यावर बसले, टॉवेल तोंडाला लावून. मी धावत कलाबाईंकडे गेले. त्या आल्या, केव्हापासून ते मायला विचारलं, पाहिलं, लेप पुसून काढला.  मायला म्हणाल्या, रुखमा, होळीले बोलली असती तं. मग बाबांना म्हणाल्या, लहानूभाऊ, उद्याची पहिली गाडी. चंद्रपूर.
लेख काढून टाकायचा राहिला. दुकान बंद झालं होतं. तसंही कोण वाचतं म्हणा.

२८ मे, दुपार, चंद्रपूर, हॉस्पिटल
काल तपासलं. आज गाठीचा तुकडा घेणार. पुढचं नंतर सांगतील, नागपूरला जावं लागेल असं वाटतं. लेडी डॉक्टर आहेत. त्यांनी विचारलं, केव्हापासून? माय म्हणाली, होळीच्या आंधीपासून. इतके दिवस काय केलं? माय म्हणाली, लेप लावला. कुणी सांगितला? मी लेखाखालची ती ओळ आठवत होते, संपादक सहमत असतीलच असे नाही.
माय उजळून म्हणाली, माह्या पोरीनं छापलं होतं, कम्प्युटरवर. शिकलेली आहे. बी.एस्सी. झाली.
डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर लिहून घेतलं. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.
आत्ता बाबांच्या मोबाइलवर नजमाचा फोन आला. तिला इकडचं काही माहीत नाही. ओरडूनच बोलत होती. संघप्रिया, पहिली कॉमेंट आली! अनोळखी माणूस आहे, आपला कोणी नाही! मी म्हटलं, वाच. तिने वाचली. वरोऱ्याचा कुणी मुलगा. लिहितो, माझ्या मावशीलाही अशीच गाठ आहे, लेपाची माहिती वाचून मोठा धीर आला, ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली आहे, पाला कुठे मिळेल ते कळवावे.
नजमाला म्हटलं, मी सांगते ते टाइप कर. लेप लावू नका. तारीख पुढे ढकलू नका. उद्याच मावशीला डॉक्टरकडे न्या. ती म्हणाली, हे कोणत्या पाहुण्याचं? खाली नाव कोणाचं टाकू? म्हटलं, माझं टाक. संघप्रिया लहानू दुर्गे. आणि तो लेख काढ, पासवर्ड देते, लिहून घे.
तेवढ्यात ती म्हणाली, थांब, बारा वाजले, लाइट गेली.
किती टाइप झालं, विचारलं. म्हणाली, लेप. एवढंच.
बाहेर सायबर कॅफेचा बोर्ड दिसतो आहे. पण मायचा नंबर आता लागेल आणि तिने माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलंय. अहेरीत लाइट नसली तरी लेख वरोऱ्यात दिसतोच. चार वाजायला अजून वेळ आहे.