तपासलेली एक्केचाळीस पानं

ता. १४, मंगळवार

धाकटीस,
थोरल्या जावेचा आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. तू तुझ्या भावाकडे ठीक असशील असं धरून चालते, कारण फोन तू उचलत नाहीस आणि भावजींना विचारलं तर ते भिंतीशी बोलल्यासारखं "बरी आहे" म्हणतात. म्हणून पत्र. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, हसू नकोस.

सासूबाईंचा गुडघा तसाच. औषध लावलं की दुखतं म्हणतात, नाही लावलं की कुणी विचारत नाही म्हणतात. मोरीचा नळ मीच दुरुस्त केला. लॉन्ड्रीत नवं इस्त्रीचं रोलर आलं, ते चादर गिळतं आणि परत देत नाही. खालच्या टबांवरची आपली शिट्टीवाली कामावर आली. खोकते अजून, पण शिट्टी वाजवते. ते तुला आधी कळायला हवं म्हणून लिहिलं.

आता तू म्हणशील, ताई एवढं लांबण का लावतायत. लावते. मला वेळ लागतोय.

तू लॉन्ड्रीत लागलीस तेव्हा मला डागांच्या टेबलावर वीस वर्षं झाली होती. चादर उजेडाला धरली की मी सांगते, हे रक्त, हा गंज, हे कुणीतरी औषध सांडून पुसलेलं. ते माझ्या डोक्यात होतं आणि बरं होतं. मग मॅनेजरने कॉम्प्युटरवर ती विकी काढली. सगळ्यांची मिळून एक वही, कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं. जेवणाच्या सुट्टीत मी सांगायची, तू टाइप करायचीस. "ताई, पावडर किती?" "हाताला कळतं." "हात टाइप नाही करता येत, ताई." शेवटी तू दोन चमचे लिहिलंस. मी म्हटलं, लिही बाई, बुडव माझं नाव. तेव्हा आपण दोघी हसलो होतो.

मग तू तीच पानं खाली टबांवर काम करणाऱ्या परप्रांतातल्या बायकांच्या भाषेत केलीस आणि ऑफिसच्या भाषेतही. एक डाग, तीन पानं. मुख्य ऑफिसातून साहेब आले आणि विचारलं, हे कुणी केलं? पडद्यावर प्रत्येक पानाच्या इतिहासात तुझंच नाव. त्यांनी तुझा हात हातात घेतला. तू म्हणालीस, "सांगितलं सगळं ताईंनी." हो, म्हणालीस, मी नाकारत नाही. साहेब माझ्याकडे बघून हसले ते ट्रे धरून उभ्या असलेल्या बाईकडे बघून हसतात तसं.

घरी सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "आमची धाकटी तीन भाषांतली पानं सांभाळते." शेजारीण म्हणाली, "आणि थोरली?" म्हणाल्या, "ती पण असते तिथंच."

तिथंच असते! वीस वर्षं मी तिथंच होते, पाय सुजेपर्यंत. त्या रात्री भाकरी मी तव्यावर करपवली आणि जाणूनबुजून तुझ्या ताटात वाढली. तू खाल्लीस. वर म्हणालीस, खमंग लागते. असली कसली गं तू? भांडायची सोय पण ठेवत नाहीस.

मग मी मॅनेजरकडून माझं खातं उघडून घेतलं. एका बोटाने टाइप करायला शिकले. पहिल्या पानावर ती यादी असायची ना, या महिन्यात कुणी किती काम केलं? तू दोनशे सहा, मी तीन. त्या तीनमधली दोन तू मागून दुरुस्त केली होतीस.

तू मला समजावलं होतंस की आपल्या भाषेतलं पान मूळ. मूळ बदललं की बाकीच्या दोन पानांवर पिवळी पट्टी येते, हे पान जुनं झालं म्हणून. ती भाषा येणाऱ्याने वाचून, जुळवून मग "तपासले" दाबायचं, की पट्टी जाते. हे मला नीट कळलं होतं, कळलं नव्हतं असं म्हणणार नाही. आणखी एक कळलं होतं, ते तू नव्हतं सांगितलंस. "तपासले" दाबलं की यादीत एक वाढतो.

नवीन पावडर आणि डागांची नवी औषधं आली होती, त्या आठवड्यात तू मूळ पानं भराभर बदललीस. पिवळंच पिवळं झालं होतं. बुधवारी तू दाताच्या डॉक्टरकडे गेलीस. मी बसले आणि दाबत गेले. एक्केचाळीस. त्यातलं एक अक्षर मला वाचता येत नव्हतं. बाकीच्या बायका जेवत होत्या आणि मी जेवले नाही, एवढी मजा येत होती.

गुरुवारी आठवड्याची वेगळी यादी लागते, तिच्यात माझं नाव सगळ्यांत वर. मी तिघींना बोलावून दाखवलं. तू आलीस, बघितलंस, खूश झालीस. खरंच खूश झालीस, त्याचाच मला राग आला. "ताई, एवढी तपासलीत? त्यांची भाषा कुणाकडून वाचून घेतलीत?"

मी म्हटलं, "शिट्टीवालीकडून."

तोंडात आलं ते नाव, बस. दुसरं आलं असतं तर दुसरं घेतलं असतं.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला माझ्या हाताने लिहायचं आहे. गंजाचं नवं औषध तेजाबी. मूळ पानावर तू लिहिलं होतंस, आधी तीन पाण्यांतून काढा, ब्लीचजवळ नेऊ नका. त्यांच्या भाषेतल्या पानावर जुनंच राहिलं होतं, औषध लावून लगेच ब्लीचच्या टबात. पट्टी नाही, म्हणजे पान ताजं. शिट्टीवालीने पानावर होतं तसंच केलं. धूर तिच्या छातीत गेला. तीन दिवस दवाखान्यात होती.

तू तिच्या खाटेशी बसलीस आणि तिला विचारलंस, ही पानं तू ताईंना वाचून दाखवलीस का? ती म्हणाली, कुठली पानं? हे तिनेच मला सांगितलं. म्हणजे मॅनेजरसमोर उभी राहिलीस तेव्हा तुला सगळं माहीत होतं. तरी म्हणालीस, "ताईंनी माझ्या सांगण्यावरून दाबलं. भाषांची पानं माझ्याकडे आहेत, चूक माझी." मी मागे चादरीची घडी घालत उभी होते. घातलेली घडी उलगडून परत घालत होते.

आणि खरं सांगू? तू पानांचं काम सोडलंस, घरी येऊन पिशवी भरलीस, तेव्हा मला काय वाटलं? यातही मोठेपणा हिनेच नेला. चूक माझी, तीसुद्धा हिच्या नावावर. इतकी जळले मी तुझ्यावर. लाज तिसऱ्या दिवशी आली.

परवा शिट्टीवालीला सांगितलं. तिने हातातली चादर पिळून टाकली. मग म्हणाली, "मला विचारलं असतंस तर वाचून दाखवलं असतं. काय तास-दोन तासांचं काम." शिवी दिली असती तर झोप लागली असती.

काल मॅनेजरला सांगितलं, दार लावून नाही, सगळ्यांसमोर. माझं खातं बंद झालं. डागांचं टेबलही गेलं, आता मळक्या कपड्यांच्या गाठोड्यांवर आहे, किती दिवस ते सांगितलं नाही. बोलून संपल्यावर तो पहिलं वाक्य काय म्हणाला माहीत आहे? "मग तिला परत बोलवा ना." बावीस वर्षं राबलेली बाई समोर उभी आहे आणि ह्याला तू हवीस! परत जळले. हेही लिहिते, कारण आता झाकायचं नाही असं ठरवलंय.

पण त्याचं बरोबर आहे. एक्केचाळीस पानं बंद करून ठेवलीत. खालच्या बायका एकमेकींना विचारून काम करतात आणि जी ती वेगळं सांगते. उद्या आणखी कुणी आडवी पडेल. आणि भावजी काल तुमच्या दोघांसाठी वेगळी खोली बघून आले. सासूबाईंना अजून कुणी सांगितलेलं नाही. माझ्यामुळे घर फुटलं तर त्या मला काय म्हणतील ते म्हणोत, तुला काय वाटेल ते मला कळेना.

माफी मागते. हा शब्द लिहायला चार पानं लागली.

तू ये. ते टेबल नसलं तरी गंजाचं मी तोंडाने सांगेन, तू लिही, आणि त्यांच्या भाषेतलं शिट्टीवाली मोठ्याने वाचेल, मी ऐकत बसेन. नाव कुणाचं लागतं ते बघणार नाही असं वचन देत नाही. बघेन. तुझं वर दिसलं की जळेन. पण जळले की तुझ्या तोंडावर सांगेन, "आज जळते आहे गं," आणि तू मला चार शब्द ऐकव. ऐकवायला शिक आता.

यायचं नसेल तर तसं लिही. दोन ओळी चालतील, पण तुझ्या हाताच्या, भावजींकरवी नको.

तुझ्यावर माझी चूक राहू दिलेली आणि काल ती उतरवलेली,
तुझी थोरली जाऊ