डार्करूमची कडी

प्रिय दादा,

काल तू नाही म्हणालास आणि मी रागाने फोन ठेवून दिला, त्याबद्दल आधी कान पकडते. राग मात्र अजून गेलेला नाही. डॉक्टरीणबाई तुला आमच्या चाचणीत घ्यायला तयार आहेत, संमतीपत्र तुझ्या हातात आहे, सोमवारपर्यंत सही हवी. आणि तू म्हणतोस काय, तर आठवडाभर अंधारात राहणं आपल्यासारख्या विसराळू माणसाला जमायचं नाही! घशातल्या कॅन्सरच्या गाठीला घाबरत नाहीस आणि खिडकीच्या पडद्याला घाबरतोस? कमाल आहे बाबा तुझी.

पुन्हा सांगते, नीट वाच. आमचे कण इतके बारीक, की केसाच्या जाडीत हजार मावतील. शिरेतून दिले की ते गाठीत जाऊन बसतात. अंधारात अगदी गरीब गाय. मग घशात बारीक नळी घालून लाल उजेड सोडला, की ते जागे होतात आणि गाठीच्या पेशींचा फडशा पाडतात. थोडे कण कातडीतही राहतात, म्हणून आठवडाभर ऊन टाळायचं, नाहीतर कातडी भाजते. चौदा जणांपैकी अकरा जणांची गाठ आटली. तिघांना काहीच उपयोग झाला नाही, तेही लपवत नाही. पण नऊ वर्षं मी या कणांशी झगडतेय, आणि माझा त्यांच्यावर पक्का विश्वास आहे.

पहिल्या वर्षी त्यांनी नाकी नऊ आणले होते. उजेड न दाखवलेल्या बशीतल्या पेशीही पटापट मरायच्या. कण विषारीच आहेत, असं ठरवून सगळं काम बंद करायची वेळ आली. मग लक्षात आलं, की बशीवरची फॉइल तासातासाला उचलून आत डोकावणारी बया मीच! तेव्हापासून दिसेल त्याला मी फॉइल गुंडाळते. तुझी पोरं मला फॉइलआत्या म्हणतात ते उगाच नाही. प्रयोगशाळेत सगळे पोट धरून हसले. मला काही हसू आलं नाही, कारण ही डोकावायची खोड माझी फार जुनी आहे.

बाबांनी शाळेचे फोटो काढले होते, तो दिवस तू विसरला नसशील. ते डार्करूममध्ये फिल्म धूत होते आणि बाहेरून कडी लावून राखण करायचं काम तुझ्याकडे होतं. दार उघडलं, उजेड पडला, सगळ्या फिल्म वाया गेल्या. तुझ्या भरवशावर काही ठेवता येत नाही, असं बाबा सगळ्यांसमोर म्हणाले. तूही ते खरं मानलंस. कॅमेरा सोडलास, आणि तेव्हापासून गॅस बंद केला का ते तीनतीनदा बघतोस.

दादा, कडी तू लावली होतीस. तू पाणी प्यायला गेलास तेव्हा ती मी काढली, आत काय चाललंय ते बघायला. बाबांचा आवाज ऐकून पळाले आणि पस्तीस वर्षं गप्प बसले. मला फार लाज वाटते. काल तू पडद्याचं बोललास तेव्हा कळलं, की माझ्या त्या गप्प बसण्यापायी तू आज उपचार नाकारतो आहेस. तुझ्या हातून काहीही चुकलं नव्हतं. अंधार सांभाळायला तुझ्याइतका भरवशाचा माणूस मला माहीत नाही. सही कर. तो आठवडा मी तुझ्या खोलीबाहेर बसून काढीन. फक्त कडी आतून लावून घे, माझा काय भरवसा!

तुझीच,
धाकटी