खोली छान आहे, राहतोय

सोमवार, ३
तिसरी बॅग जिन्याच्या वळणावर अडकली, तेव्हा खालचा शिंपी सुई दातांत धरूनच मदतीला आला. नवी नोकरी. कंपनी खोल्या भाड्याने देते. मी त्यांची वेबसाइट सांभाळणार. राहायला सात नंबर फुकट. मालकीणबाई म्हणाल्या, ही खोली साइटवर टाकलेलीच नाही. खिडकी अंगणावर उघडते. टेबल भक्कम आहे. ताईला फोन केला. तिचं म्हणणं, फुकट देतात म्हणजे आधी ढेकूण बघ. बघितले. नाहीत.

मंगळवार, ४
प्रत्येक खोलीच्या पानाखाली प्रतिक्रियांचा रकाना हवा आहे. तो बाहेरच्या कंपनीचा. आपण त्यांच्या कोडच्या दोन ओळी चिकटवायच्या आणि पानाला एक क्रमांक द्यायचा. प्रतिक्रिया त्यांच्याकडे साठतात. चाचणीचं पान फक्त माझ्या संगणकावर आहे. क्रमांक सुचेना, म्हणून खोलीचाच दिला. सात.
रकाना रिकामा दिसायला हवा होता. एकोणीस प्रतिक्रिया होत्या. नावं वेगळी, मजकूर एकच: खोली छान आहे, राहतोय.

बुधवार, ५
मालकीणबाई हसल्या. आधी साइट सांभाळणाऱ्या सगळ्यांनीही चाचणीला सातच दिला होता म्हणे, तुमची जातच आळशी. ते कुठे गेले, ते त्यांना ठाऊक नाही. न सांगता गेले. सामान माळ्यावर आहे.
मी लिहून पाहिलं: चाचणी. कुणी आहे का?
लगेच उत्तर आलं: आहोत.

गुरुवार, ६
दोन्ही ओळी काढल्या. रकाना तसाच. बाहेरच्या कंपनीने कळवलं, सात क्रमांकाचं पान त्यांच्याकडे नाही.
विसावी प्रतिक्रिया माझ्या नावाने आहे. खोली छान आहे, राहतोय. मी लिहिलेली नाही.

शनिवार, ८
दुपार. दार उघडत नाही. कडी काढलेली आहे, तरी— खिडकीतून शिंप्याला हाका मारल्या. त्याने वर पाहिलं, मान डोलावली, पुन्हा सुईत दोरा ओवू लागला.
ताईचा निरोप: तुझी प्रतिक्रिया वाचली, जीव भांड्यात पडला. तिला ते पान कुठून— फोन लावला. ती नुसती हॅलो, हॅलो म्हणत राहिली.

रविवार, ९
खुर्ची मोकळी नाही. खाटही नाही. कुणीतरी सरकून मला जागा—

सोमवार, १०
सकाळी मालकीणबाईंनी दार सहज उघडलं, खोली झाडली, माझ्या तिन्ही बॅगा माळ्यावर टाकल्या. मी त्यांच्या समोरच उभा—