देवी नव्हे, पुटकुळ्या

कुंडल, मार्च १९७४

तीर्थरूप लालासाहेब मामांना पाचवीतल्या अंजनाचा पाया पडून नमस्कार. तुमची कंबर आणि मामींचा खोकला, दोन्ही आता बरे असतील. इकडं सगळं ठीक आहे, माझं तोंड सोडून.

माझ्या कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर पुटकुळ्या आल्या. (नाकावरची एवढी मोठी की वर्गात माझ्याआधी तीच शिरायची.) वय साडेदहा. आजीनं बघितलं आणि देवी आली म्हणून जाहीर करून टाकलं. दाराला लिंबाचा पाला बांधला, घरातली फोडणी बंद केली, मला पाटावर बसवलं. गल्लीतल्या बायका पाया पडून जाऊ लागल्या. चिंचा पाडल्या म्हणून मला शिव्या घालणाऱ्या सुलाबाईनं तर पुढ्यात नारळ ठेवला. मामा, खरं सांगते, मला ते लय आवडलं. भांडी नाहीत, शाळा नाही, दहीभात आयता. मधूनमधून डोळे मिटून हुं केलं की झालं.

पण देवीचा रोगी दिसला तर कळवा, असं सरकारनं भिंतीभिंतीवर लिहून ठेवलंय. कुणीतरी कळवलं. सांगलीहून जीप आली, त्यात एक डॉक्टर आणि दोन देवी टोचणारे. आजी मला दाखवायला तयार होईना, तोवर त्यांनी सगळी गल्ली टोचून काढली. कोंडीबा पैलवान (ज्याची पाठ अजून कुणी मातीला लावली नाही) वैरणीच्या गंजीत लपला होता, त्याला पाय धरून बाहेर ओढला. शेवटी डॉक्टरांनी चष्मा पुसून माझं तोंड पाहिलं. म्हणाले, ही देवी नव्हे, या तारुण्यपिटिका. काही मुलांना लवकर येतात, तोंड साबणानं धुवा, फोडू नका. गल्ली दंड चोळत घरी गेली. सुलाबाई नारळ परत घेऊन गेली.

एवढ्यावर भागलं असतं. पण त्या लांबलचक शब्दातलं आजीला फक्त ‘तारुण्य’ ऐकू गेलं. “डागदरच म्हनला, पोर मोठी झाली. आता साळा बास.” दप्तर माळ्यावर गेलं. परीक्षा पंधरा दिवसांवर आलीय. आबा पलटणीत, त्यांची सुट्टी दिवाळीला. आई नुसतं पीठ मळते, तेही फार जोरात.

तुमची भाची (अडीच दिवसांची देवी)
अंजना

ता. क. – येत्या रविवारी मला बघायला पाहुणे येणार आहेत. आजी माझं वय चौदा सांगते. मी तुमच्या घरी जन्मले, तेव्हा साल तुम्हाला पाठ असेल. तुमचा पलटणीतला जुना कोट घालून सकाळच्या गाडीनं या.

दुसरा ता. क. – हे पत्र लिहायला मला आईनंच बसवलं. तिला लिहिता येत नाही, आणि आजीपुढं बोलता येत नाही. आता ती म्हणते, माझं म्हणून एवढं लिही: “दादा, तू न्हाई आलास तर पाव्हन्यांच्या पोह्यात मी एरंडेल घालनार हाय. पोर सोमवारी साळंत जानार.”