घराण्याचं नाक

उत्रेख्त, ४ मार्च १९९४

ती. रुडसेलदादास सा. न. वि. वि.

वहिनीचं पत्र पोचलं. बाबांच्या पंचाहत्तरीला तू खोकलास, रुमाल लाल झाला, आणि आपल्या माणसांनी बर्फ पुढे सरकवून मक्याच्या पिठाची फुंची नि बकऱ्याच्या रश्श्यावर पुन्हा ताव मारला! सगळ्या घराण्याचंच नाक गळकं, म्हणून रक्त दिसलं की नाकावर खापर. किंचाळली ती एकटी तुझी नवी सून. आपल्यासारखं, रक्ताचे डाग दिसू नयेत म्हणून, तिच्या माहेरी टेबलावर काळं कापड घालत नाहीत ना!

अरे, खोकल्यातून आलेलं रक्त नाकाचं कसं? फुप्फुसातल्या त्या वेड्यावाकड्या रक्तवाहिन्यांत दोनदा इथे तारेची वेटोळी बसवून घेतलीस. एक वाट बुजवली की शेजारची रुंदावू शकते, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आता तिसऱ्यांदा ये. उशीर केलास तर एक दिवस रक्त थांबायचंच नाही. आणि तोवर तुझं ते ट्रम्पेट फुंकणं बंद!

काळजीने वाळलेली (वजन आहे तेवढंच),
मिरेल्वा

सोतो, कुरासाव बेट, २० मार्च

चि. मिरेल्वास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचताना आईची चप्पल पाठीत बसल्यासारखं वाटलं. बाई, छातीत इतकी तार झाली आहे की आणखी घातली तर रेडिओ लागेल. दोनदा बुजवलं, दोनदा गळलं. आता छप्पर शाकारणं पुरे, खाली बादली ठेवतो. खरं सांगू? कंटाळलो गं.

शिवाय सगळ्या भावंडांनी तपासून घ्यावं, हेही डॉक्टरांनीच सांगितलं होतं. तू घेतलंस? तुझ्या लग्नात नाकाला धार लागली, तरी पाद्रीबुवा प्रार्थना म्हणायचे थांबले नव्हते. आधी तू त्या यंत्राखाली झोप, मग मी विमानात बसतो. शब्द देतो, कारण तू सुईला किती घाबरतेस ते मला ठाऊक आहे.

तुझा गळका पण गोड,
दादा

उत्रेख्त, ११ एप्रिल

ती. दादास सा. न. वि. वि.

झोपले बाबा, झोपले. माझ्या फुप्फुसातही तसली वेडीवाकडी रक्तवाहिनी निघाली, आणि तुझ्याहून मोठी. जन्मभर तुझे जुने सदरे घातले, एकदा तरी माझं वरचढ निघालं! लवकर बुजवा म्हणतात. तुला सल्ले देताना जीभ अडखळली नाही, आज संमतीपत्र मात्र तीनदा वाचून मग सही केली.

दोघांसाठी एकच दिवस मागून घेतला आहे. शब्द दिला आहेस. बादली राहू दे तिथेच. दादा, मला भीती वाटते. ट्रम्पेट आणलंस तरी चालेल.

या खेपेस लोभ टपालाने पाठवू नकोस, घेऊनच ये.

तुझी,
मिरेल्वा